सकाळी मास्क उशाशी सापडतो तेव्हा : सीपॅप रात्रभर न टिकण्याची कारणे आणि उपाय

रात्री मास्क व्यवस्थित लावून झोपावे, आणि सकाळी जाग येते तेव्हा तो उशाशी पडलेला असावा, यंत्र बंद असावे आणि आपण तो केव्हा काढला याची काहीच आठवण नसावी, हा अनुभव स्लीप ॲप्नियासाठी सीपॅप वापरणाऱ्या पुष्कळांना कधी ना कधी येतो. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडण्याचा आजार, आणि सीपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र. एखाद्या रात्री असे झाले तर त्याचे विशेष काही नाही. आठवड्यातून चार-पाच रात्री असे होऊ लागले की मात्र माणूस खचतो, ‘मला हे यंत्र सोसत नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि यंत्र कपाटात जाते. मी स्वतः कित्येक वर्षे सीपॅप वापरत आहे आणि माझेही सुरुवातीचे काही महिने असेच गेले. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की झोपेतला हात मास्क विनाकारण काढत नाही. शरीराला काहीतरी सहन होत नसते, आणि ते काय आहे हे बहुतेक वेळा शोधता येते. फक्त त्यासाठी मास्क रात्री किती वाजता निघतो, हे आधी ठाऊक असले पाहिजे.

वेळेला इतके महत्त्व देण्याचे कारण झोपेच्या रचनेत आहे. ज्या झोपेत स्वप्ने पडतात आणि डोळ्यांची बुबुळे वेगाने हलतात, त्या झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात येतो. त्याच झोपेत घशाचे स्नायू सर्वाधिक सैल पडतात, त्यामुळे अनेकांमध्ये श्वास अडण्याचे प्रसंग तेव्हाच जास्त आणि लांबलचक होतात, आणि रक्तातील ऑक्सिजनही तेव्हाच सर्वांत खाली जातो. म्हणजे अकराला लावलेला मास्क तीन वाजता निघाला तर चार तासांचा उपचार झाला असे कागदावर दिसते, पण जो काळ सर्वांत धोक्याचा, तोच उपचाराविना जातो.

‘चार तास’ हा आकडा कुठून आला, हेही इथेच सांगतो, कारण त्याने बराच गैरसमज पसरवला आहे. अमेरिकेतील मेडिकेअर ही सरकारी विमा योजना यंत्राचा खर्च पुढे चालू ठेवण्यासाठी पहिल्या तीन महिन्यांत, सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री, किमान ४ तास वापर झालेला असावा, अशी अट घालते. वैद्यकीय संशोधनातही हाच मापदंड रूढ झाला. तो मोजणीच्या सोयीचा आहे. तेवढ्या तासांत आजार आटोक्यात येतो असा त्याचा अर्थ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या चाचणीत हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले २,७१७ रुग्ण होते. त्यात सीपॅप गटाचा सरासरी वापर रात्री जेमतेम ३.३ तास भरला. दिवसाची झोप आणि घोरणे कमी झाले, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना कमी झाल्या नाहीत. यंत्र निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काहींनी यावरून काढला. एवढ्या तोकड्या वापरावर असा निकाल देणे मला तरी पटत नाही. झोपू तेवढा वेळ मास्क तोंडावर, हेच ध्येय धरावे.

आधी यंत्र काय सांगते ते वाचावे

आजची बहुतेक यंत्रे दर रात्रीची नोंद ठेवतात. ती पडद्यावर, मोबाइल ॲपमध्ये किंवा कार्डावर मिळते. ॲपमध्ये मिळणारे शंभरपैकी गुण पाहून काही हाती लागत नाही. पाहायच्या गोष्टी चार : मास्क कोणत्या वेळी लागला आणि निघाला, गळती किती होती, उरलेला एएचआय किती आहे आणि प्रेशर कुठवर चढले. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला त्याची संख्या. निदानाच्या वेळी ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे धरतात, तर यंत्र लावल्यावर ती ५ च्या खाली राहावी अशी अपेक्षा असते.

याच्या जोडीला एक वही ठेवावी आणि सकाळी उठल्याबरोबर दोन ओळी लिहाव्यात : तोंड कोरडे होते का, नाक चोंदले होते का, पोट फुगले होते का, नाकाच्या वरच्या हाडावर किंवा गालावर वळ उठले का, आपण पाठीवर झोपलो होतो की कुशीवर. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी आणि यंत्राचे आकडे शेजारी ठेवले की कारण सहसा आपणहून पुढे येते. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला चार-पाच रात्री द्याव्यात. मी सुरुवातीला मास्क, प्रेशर आणि उशी एकाच दिवशी बदलली होती. झोप सुधारली तीही का ते कळले नाही आणि पुन्हा बिघडली तीही का ते कळले नाही.

मास्क झोप लागण्याआधीच किंवा पहिल्या अर्ध्या तासात निघत असेल

इथे कारण बहुधा गुदमरल्याची भावना असते. ती खोटी नसते आणि ‘सवय होईल’ असे म्हणून ती जातही नाही. एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. यंत्र हळूहळू दाब वाढवत नेते, त्या ‘रॅम्प’ सोयीत सुरुवात अनेकदा ४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबापासून होते. हा दाब सौम्य म्हणून दयाळू वाटतो, पण मोठ्या शरीराच्या माणसाला त्यावर हवा अपुरी पडल्यासारखे होते. सुरुवातीचा दाब ६ किंवा ७ केला की ही घुसमट थांबल्याचे बऱ्याच जणांना जाणवते, म्हणून डॉक्टरांशी किंवा यंत्राच्या तंत्रज्ञाशी हे बोलून घ्यावे. याच्या उलट, श्वास सोडताना हवेशी झुंजावे लागते असे वाटत असेल, तर उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा उतरवण्याची सोय चालू आहे का ते पाहावे. ती निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत निरनिराळ्या नावांनी असते.

बंदिस्तपणाची भीतीच असेल तर ती रात्री अंथरुणात घालवता येत नाही. दिवसा, जागेपणी, खुर्चीत बसून आधी मास्क नुसता हाताने चेहऱ्याशी धरावा. मग पट्टे लावून, नळी न जोडता वाचत बसावे. मग नळी जोडून यंत्र चालू करावे, आणि त्यानंतर दुपारच्या डुलकीला तो वापरून पाहावा. प्रत्येक पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबावे. भीती ओसरल्याची कंटाळ्याइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. रात्री वीस-पंचवीस मिनिटे झुंज चालली असेल तर उठून दुसऱ्या खोलीत थोडा वेळ बसावे आणि डोळे जड झाले की पुन्हा मास्क लावावा. मास्क आणि तळमळ यांची गाठ मनात पक्की बसू देऊ नये. पहिल्या आठवड्यात जशी घडी बसते तशीच ती पुढे टिकते, असे या विषयावरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून ही अडचण महिनाभर अंगावर काढण्याची नाही.

मास्क दोन-तीन तासांनी निघत असेल : गळती

माझ्या अनुभवात आणि मी ज्यांना मदत केली त्यांच्या बाबतीत हे कारण सर्वाधिक वेळा आढळले, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

प्रत्येक मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रे असतात. त्यांतून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, त्यामुळे ती कधीही बुजवू नयेत. या ठरलेल्या गळतीखेरीज कडांमधून किंवा तोंडातून जी हवा जाते ती आपली शत्रू. काही यंत्रे ठरलेली गळती वजा करून उरलेली दाखवतात, तर काही एकूण गळती दाखवतात. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. रेसमेड या कंपनीच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटर ही मोठ्या गळतीची रेषा मानली जाते. त्या रेषेच्या वर दीर्घकाळ राहिल्यास यंत्राचे एएचआयचे आकडेही भरवशाचे राहत नाहीत.

गळती दिसली की आपला हात पट्टे आवळण्याकडे जातो आणि तिथेच चूक होते. कुशनची, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाची, पातळ कड हवेने फुगून त्वचेवर बसावी अशी तिची रचना असते. पट्टे करकचून आवळले की ती कड चुरगळते, गळती वाढते आणि वर नाकाच्या हाडावर जखम होते. मास्क बसवण्याची योग्य रीत अशी : अंथरुणावर ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर आडवे व्हावे, यंत्र चालू करून नेहमीच्या प्रेशरवर आणावे, मास्क चेहऱ्यापासून किंचित दूर ओढून पुन्हा अलगद बसू द्यावा, आणि मग गळती थांबेल इतपतच पट्टे घट्ट करावेत. आरशासमोर उभे राहून केलेली जुळवणी आडवे झाल्यावर टिकत नाही, कारण गालाचे आणि हनुवटीचे मांस तेव्हा वेगळ्या बाजूला ओघळते.

याउपरही गळती राहिली तर बारीकसारीक गोष्टी तपासाव्यात. चेहऱ्यावरचा तेलकटपणा किंवा रात्री लावलेले क्रीम यांमुळे सिलिकॉन घसरते. म्हणून झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा आणि कुशन रोज सौम्य साबणाने पुसावे. दाढी असेल तर नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मोठ्या मास्कपेक्षा सहसा चांगला बसतो. कुस बदलताना नळी ओढली जात असेल तर ती डोक्याच्या वरच्या बाजूने आणावी. आणि कुशन जुने झाले असेल, मऊपणा गेला असेल, कड पिवळट पडली असेल, तर कोणत्याही युक्तीने ते बसणार नाही. ते बदलावेच लागते.

तोंडातून हवा जात असेल तर चित्र वेगळे असते : मास्क जागेवर, तरी गळती जास्त, आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. अशा वेळी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क लगेच सुचवला जातो. काहींना तो लागतोच, पण तो पहिला उपाय मानू नये. त्याचे पट्टे जबडा मागे दाबतात, त्यावर अनेकांना जास्त प्रेशर लागते, आणि नाकाच्या मास्कच्या तुलनेत त्याचा वापरही कमी टिकतो असे अभ्यासांत आढळले आहे. तोंड उघडते ते बहुतेक वेळा नाक बंद असल्यामुळे, म्हणून आधी नाकाकडे वळावे. ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला हल्ली फार दिला जातो. नाक चोंदलेले असताना किंवा उलटीची शक्यता असताना तो घातक ठरू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी तो कुणालाही देणार नाही.

नाक

इथे एक दुष्टचक्र आहे. तोंडातून हवा निसटली की नाकातून एकाच दिशेने जोराचा झोत वाहत राहतो, नाकाचे अस्तर कोरडे पडते, सुजते, नाक चोंदते आणि तोंड आणखी उघडते. हवेत ओलावा मिसळणाऱ्या ह्युमिडिफायरचे काम हे चक्र तोडणे आहे. तो बंद असेल तर चालू करावा, चालू असेल तर एक-एक पायरी वाढवावा. नळीत पाणी साचून चेहऱ्यावर शिंतोडे उडू लागले, तर ओलावा लगेच कमी न करता तापणारी नळी वापरावी, किंवा नळीला कापडी आवरण घालावे. यंत्र अंथरुणाच्या पातळीपेक्षा खाली ठेवले तर साचलेले पाणी मागे वाहून जाते. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि उरलेले रोज सकाळी ओतून द्यावे. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा फवारा मारल्याने बराच फरक पडतो. ॲलर्जी असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा नाकाचा फवारा देतात. मात्र नाक झटकन मोकळे करणारे थेंब काही दिवसांपलीकडे वापरू नयेत, कारण त्यांचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होते.

मास्क पहाटे निघत असेल : प्रेशर

ऑटो यंत्र ठरवून दिलेल्या मर्यादांमध्ये प्रेशर स्वतः कमी-जास्त करते. अनेकदा ते ४ ते २० सेंटिमीटर या पूर्ण पल्ल्यावरच सोडून दिलेले असते. पहाटेच्या स्वप्नझोपेत किंवा पाठीवर वळल्यावर घसा मिटू लागतो, यंत्र खालून धावत वर येते, वाढत्या दाबाने मास्क कडेने उचलला जातो आणि आपण अर्धवट जागे होऊन तो काढून टाकतो. पंधरवड्याच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी खालची मर्यादा थोडी वर आणली आणि वरची आवश्यक तेवढीच ठेवली, तर ही धावाधाव थांबते. माझा स्वतःचा प्रश्न याच एका बदलाने सुटला. पोटात हवा जाऊन ते फुगत असेल तर तेही याच पाहणीत सांगावे. उतार दिलेली उशी आणि कुशीवर झोपणे यांचाही दोन्ही तक्रारींवर उपयोग होतो.

एका ठिकाणी मात्र घरी प्रयोग करू नयेत. नोंदीत घसा मोकळा असताना श्वास थांबल्याचे प्रसंग वारंवार दिसत असतील, तर ते मेंदूकडून श्वासाचा आदेश न आल्याचे लक्षण असू शकते. काहींमध्ये उपचार सुरू झाल्यावर ते प्रथमच दिसतात आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. प्रेशर वाढवल्याने ते वाढू शकतात. हृदयाची पंपिंगची शक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठी तर यंत्राचा प्रकार बदलणेही जोखमीचे असते. २०१५ सालच्या ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत, ४५ टक्के किंवा त्याहून कमी इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय एका ठोक्यात बाहेर ढकलते त्या रक्ताचा वाटा) असलेल्या रुग्णांमध्ये एएसव्ही या, श्वासागणिक दाब बदलणाऱ्या प्रकारच्या यंत्राने हृदयविकारामुळे होणारे मृत्यू वाढलेले आढळले. तसेच पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले तत्सम उपकरण असेल, तर चुंबकाच्या चापा असलेला मास्क वापरू नये. ज्याच्या शेजारी आपण झोपतो त्या व्यक्तीलाही हे लागू आहे.

जिथे दोष रुग्णाचा नसतोच

वापर टिकला नाही की रुग्णाच्या इच्छाशक्तीवर बोट ठेवले जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. एका अंदाजानुसार, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, जगात ३० ते ६९ या वयोगटातील सुमारे ९४ कोटी लोकांना अडथळ्याचा स्लीप ॲप्निया आहे, आणि त्यांपैकी सुमारे साडेबेचाळीस कोटींचा आजार मध्यम किंवा तीव्र आहे. सिडनीत कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरचा या उपचाराचा पहिला अहवाल १९८१ मध्ये मांडला, त्याला चार दशके उलटली. तरीही कित्येकांच्या हाती यंत्राचे खोके पडते ते मास्क चेहऱ्यावर बसवून न पाहताच. न बसणारा मास्क बदलून मिळत नसेल, कुशन संपल्यावर नवे परवडत नसेल, तर त्या वापराच्या आकड्यात माणसाचा निर्धार मोजला जात नाही. शिक्षण, सुरुवातीच्या दिवसांतला पाठपुरावा आणि दुरून होणारी नोंदींची देखरेख यांनी वापर वाढतो, हे वारंवार दिसले आहे.

म्हणून यंत्र घेताना सवलतीपेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात : पहिल्या महिन्यात मास्क बदलून मिळेल का, आणि रोजच्या नोंदी मला स्वतःला पाहता येतील का. खर्च विम्यातून मिळत असेल आणि वापराची अट असेल, तर अडचण आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती लेखी कळवावी. अटीची मुदत संपल्यावर सांगितलेली खरी अडचणही सबबीसारखी दिसते.

वापरलेले यंत्र घ्यावे लागत असेल तर मास्क, नळी आणि फिल्टर नवे घ्यावेत, प्रेशर आपल्या चिठ्ठीप्रमाणे बसवून घ्यावे आणि ते मॉडेल परत मागवलेल्यांपैकी नाही ना हे क्रमांकावरून तपासावे. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे लाखो यंत्रे परत मागवली होती. ओझोनने स्वच्छता करणारी उपकरणे टाळावीत. साबण, कोमट पाणी आणि सावलीत वाळवणे एवढे पुरते. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरी घेताना लक्षात ठेवावे की ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी सर्वाधिक वीज खातात. बॅटरीवर ती दोन्ही बंद ठेवली तर तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.

एवढे करूनही जमले नाही तर

काहींना खरोखरच जमत नाही, आणि त्यांनी अपराधीपणाने गप्प बसू नये. खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे उपकरण सौम्य आणि मध्यम आजारात चांगला पर्याय आहे. फक्त पाठीवर झोपल्यावर श्वास अडत असेल तर कूस टिकवणारी साधने उपयोगी पडतात. निवडक रुग्णांत जिभेच्या मज्जातंतूला चेतना देणारे उपकरण शस्त्रक्रियेने बसवतात. लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र आजारासाठी टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. आणि उलट बाजूने, सहा-सात तास वापर होऊन, एएचआय खाली येऊनही दिवसा झोप येत राहिली, तर झोपेचे तास, इतर औषधे, थायरॉइड आणि मनःस्थिती यांची तपासणी करून घ्यावी. ती होईपर्यंत डुलकी येत असताना वाहन चालवू नये.

डॉक्टरांकडे जाताना ‘मास्क सोसत नाही’ एवढेच न सांगता वही, यंत्राचे कार्ड आणि मास्क पट्ट्यांसकट सोबत न्यावा, आणि तिथेच आडवे होऊन तो लावून दाखवावा.